जुना रॉड घेताना

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहतो. मग विहीर फोडायचा जुना रॉडच तेवढा नुसता स्वस्त म्हणून का उचलावा?

आमचे घर वणीचे, सप्तशृंगीच्या पायथ्याचे. द्राक्षे, कांदा, टोमॅटो ही इकडची पिके आणि साऱ्यांची मदार विहिरीवर. मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो. तिथे टिकावाचे काही चालत नाही. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरची हवा जॅकहॅमरला देऊन होल मारायचे, सुरुंग उडवायचा आणि फुटलेला दगड यारीने वर काढायचा. शेतीच्या जोडीला आमच्या घरी हाच धंदा आहे. ट्रॅक्टर भाऊजी पाहतात, हिशेबाची वही माझ्याकडे असते. डिझेल आणि मजुरी सोडली तर वहीत डोळ्यांत भरतो तो रॉडचा खर्च. खाणीवर, रस्त्याच्या कामावर वापरलेले रॉड शहरात जुन्या मालाच्या दुकानी मिळतात, तेव्हा मन तिकडे ओढ घेते.

त्यात वावगे काही नाही. पण आपण विकत काय घेतो ते कळले पाहिजे. खडक फोडते ती रॉडच्या टोकाला बसवलेली इवलीशी टीप. ती असते टंगस्टन कार्बाइडची. कारागीर तिला ‘विडिया’ म्हणतात. हा शब्द मूळचा जर्मन. 1926 साली क्रुप कंपनीने या मालाला ते नाव दिले. त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. जुना रॉड घ्यायचा म्हणजे ही उरलेली टीप घ्यायची, बाकी सारे लोखंड. समजा, नवा रॉड शंभर रुपयांना आणि जुना चाळीसला आहे. जुन्याची टीप चौथाईच उरली असेल, तर पंचवीसचा माल आपण चाळीसला घेतला!

याहून मोठी गोष्ट मापाची. नेहमीच्या संचात 80 सेंटिमीटर लांबीच्या रॉडची टीप 34 मिलिमीटर रुंद असते, 1.6 मीटरच्या रॉडची 33 आणि 2.4 मीटरच्या रॉडची 32. टीप झिजत जाते तसे होल खाली निमुळते होते. त्यातून पुढचा लांब रॉड मोकळा उतरावा, म्हणून त्याची टीप लहान ठेवतात. जुन्या मालात हा क्रम मोडलेला असतो. एका दुकानदाराने भाऊजींना झिजलेला आखूड रॉड आणि जवळजवळ नवा लांब रॉड एकत्र बांधून ‘पुरा संच’ म्हणून दिला. लांब रॉड होलात असा रुतला, की चार माणसे भर उन्हात अर्धा दिवस तळाशी झटत राहिली. डिझेल गेले, मजुरी गेली, रॉडही गेला, आणि ज्यांची विहीर त्यांची बाग पाण्यावाचून तशीच राहिली.

म्हणून लेथवाल्याकडून एका पत्र्याला 34, 33 आणि 32 मिलिमीटरची भोके पाडून घ्या आणि तो पत्रा खरेदीला सोबत न्या. आखूड रॉडची टीप लांब रॉडपेक्षा मोठी असलीच पाहिजे. सुरुंगाची कांडी साधारण 25 मिलिमीटर जाड असते. टीप झिजून त्या मापाच्या जवळ आली असेल, तर तो रॉड भंगारातला समजा. अरुंद होलात कांडी ठोकून बसवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे.

मग धार पाहा. धारेवर बाजरीच्या दाण्याएवढी सपाटी आली असेल तर हिरव्या दगडावर धार लावून घेता येते. मात्र तापलेली टीप पाण्यात बुडवू नका, ती तडकते. कोपरे उडालेली किंवा सापाच्या कातीसारख्या बारीक भेगा पडलेली टीप घेऊच नका.

दांडा सपाट जमिनीवर लोळवून पाहा, वाकडा असेल तर लगेच कळेल. दोरीला टांगून वाजवा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. मधल्या भोकातून पाणी ओता. ते तांबडे आले तर आत गंज आहे, आणि रॉड पुष्कळदा आतूनच मोडतो. जॅकहॅमरवर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हाताखाली रॉड तुटला, तर तो तोंडावर आपटतो. वेल्डिंग केलेला रॉड फुकट मिळाला तरी नको.

ज्यांची विहीर आहे त्यांनीही काम ठरवताना फुटाचा भाव विचारावाच, पण त्याबरोबर “रॉड दाखवा” असेही म्हणावे. आणि मागच्या सुरुंगाच्या उरलेल्या होलात पुन्हा रॉड घालू देऊ नये. तिथे न उडालेली दारू असू शकते.

पारखून घेतलेले जुने रॉड आम्ही मऊ मांजऱ्या खडकाला वापरतो आणि काळ्या पाषाणाला नवे लावतो. वहीत प्रत्येक रॉडपुढे त्याची किंमत आणि त्याने किती फूट होल मारले ते लिहिते. दोन महिने तुम्हीही लिहून पाहा. स्वस्त कोणता आणि महाग कोणता, हे वहीच सांगेल.