उड्डाणापूर्वींची घटका

विमान चालविण्याचा सराव संगणकावर करून देणारे जे सिम्युलेटर आहेत, त्यांस पुष्कळ पालक निव्वळ खेळ समजतात. नववींतील एका विद्यार्थ्यास वैमानिक व्हावयाचें आहे. त्याच्या मातोश्रींनीं मला याविषयीं सचिंत होऊन विचारिलें, म्हणून मीं त्याच्याजवळ बसून तो प्रकार पाहिला. अशी साधनें आजचीं नव्हेत. अमेरिकेंत एडविन लिंक यांनीं 1929 सालीं सरावाचें यंत्र बनविलें, आणि दुसऱ्या महायुद्धांतील हजारों वैमानिक त्यावर शिकले.

मुलानें निवडिलेलें विमान इंग्लंडांतील स्पिटफायर होतें. त्याच्या मर्लिन इंजिनास 12 सिलिंडर, एकंदर आकारमान 27 लिटर. तें थंड राखण्यास आरंभीं पाण्याऐवजीं ग्लायकॉल वापरीत. पाणी 100 अंशांस उकळतें, तर ग्लायकॉल सुमारें 197 अंशांस. म्हणून रेडिएटर लहान असला तरी पुरे. परंतु हा रेडिएटर उजव्या पंखाखालीं, आणि चाकाचा पाय खालीं असला कीं तो त्याच्या वाटेंत येतो. जमिनीवर आधींच वारा थोडा, आणि तोही अडलेला! धावपट्टीशीं रेंगाळणाऱ्यास उष्णतेचा कांटा चढतांना मुकाट पाहावा लागतो. बरें, घाई करावी, तर थंड तेल दाट असतें व सर्वत्र धड पोहोंचत नाहीं. अशा इंजिनास पूर्ण शक्ति देणें म्हणजे झोपेंतून उठविलेला बैल तडक शर्यतीस जुंपणें होय.

धांव घेतांना रेडिएटरची झडप उघडी हवी, आणि थ्रॉटल हळूहळू पुढें सारावा लागतो. एकदम ढकलिला तर विमान डावीकडे वळूं पाहतें. उजव्या पायानें रडर दाबून त्यास आवरावें लागतें. जमीन सुटून चाकें आंत गेलीं कीं वारा मोकळा होतो आणि कांटा उतरूं लागतो. मग थ्रॉटल थोडा मागें घ्यावयाचा. पूर्ण शक्ति फार वेळ इंजिनास सोसत नाहीं.

कांहीं सिम्युलेटरांत इंजिन तापण्याची अटच बंद ठेवण्याची सोय असते. ती बंद असेल, तर पालकांची तक्रार मला सर्वस्वी मान्य आहे. या मुलानें ती चालू ठेविली होती. तीनदां त्याचें इंजिन बंद पडलें. चौथ्या खेपेस त्यानें प्रथम दोन्ही कांटे पाहिले, मग धावपट्टीकडे पाहिलें. मातोश्रींजवळ मीं त्याच्यासाठीं आठवड्यांतून दोन तास मागितले. त्यांनीं एक दिला.