मुक्कामाचा पहिला दिवस

पर्जन्यछायेतल्या माणसाला समुद्र एकाएकी सोसत नाही. जत तालुक्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरीने. ज्याचे डोळे अशा मुलखात, टँकरच्या वाटेकडे लागून घडले, त्याने आंबा घाट उतरून ३,००० मिलिमीटरच्या प्रदेशात पाऊल ठेवताच दर्शन, स्नान, किल्ला, बाजार हा सारा कार्यक्रम सूर्यास्तापूर्वी उरकून टाकावा, हे मला समुद्राच्या आणि त्या माणसाच्याही थोरवीला शोभणारे वाटत नाही. म्हणून गणपतीपुळ्याच्या मुक्कामाची आखणी करताना पोहोचण्याचा दिवस सर्वस्वी मोकळा ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

पहाटे जत सोडावे. कवठेमहांकाळ, मिरज, कोल्हापूर अशी गावे मागे पडत जातात, माळरानांची जागा द्राक्षबागा आणि द्राक्षबागांची जागा ऊस घेतो. मलकापूरच्या पुढे एखादी सावली पाहून ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी सोडावी, आणि घाट उतरून साखरपा, पाली, निवळी करीत दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी यावे. त्याआधी पोहोचण्यात काही लाभ नाही. ऊन ऐन भरात असते आणि खोलीची व्यवस्था बहुधा झालेली नसते.

निघण्याचा दिवस ठरवताना मात्र पंचांग पाहावे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते, हा कोकणातला जुना ठोकताळा आहे: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अष्टमीला गेलात तर मावळतीला समुद्र किनाऱ्यापर्यंत भरलेला असतो, परंतु ती भांगाची, म्हणजे मंद भरती असते. पौर्णिमेला गेलात तर सायंकाळी पाच-सव्वापाचला ओहोटी पूर्ण होऊन ओल्या वाळूचे विस्तीर्ण पटांगण मोकळे होते, समोर सूर्य बुडत असतो आणि पाठीमागे, देवळाच्या डोंगराआडून, चंद्र वर येतो. भूमध्य समुद्राच्या काठी उतरणाऱ्या प्रवाशाला ही तजवीज करावी लागत नाही, कारण तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीत जेमतेम हातभर फरक पडतो. आपला समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, त्याच्या वेळापत्रकाशी आपले वेळापत्रक जुळवून घेण्यातच सुख आहे.

त्या सायंकाळी पाण्यात उतरू नये, हे मी कळकळीने सांगतो. गणपतीपुळ्याचा किनारा दिसतो तितका सौम्य नाही; परतणारे पाणी पायाखालची वाळू खेचून नेते, आणि या समुद्राने आजवर अनेकांचे प्राण घेतले आहेत. विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्याकडच्या तरुणांना स्थिर पाण्याची सवय असते, ओढीची नसते. त्यात रात्रीची अपुरी झोप आणि प्रवासाचा शीण. देवळाजवळ धोक्याची सूचना देणारे फलक आहेत, ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.

मग करावे काय? वाळूवर बसावे. ओहोटीच्या वाळूत बारीक खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतले अन्न चाळून उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मागे टाकीत जातात, आणि बिळाभोवती त्या गोळ्यांची किरणे पसरतात. पाऊल जवळ येताच खेकडा अदृश्य होतो, श्वास रोखून उभे राहिले की पुन्हा डोके काढतो. मुले त्यात तासभर रमतात. घरातल्या आज्जीने ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावावे, जिभेवर ठेवून खारट असल्याची खात्री करून घ्यावी, आणि हवे तितका वेळ नुसते पाहत राहावे. तिला कोणी उठण्याची घाई करू नये.

देवदर्शन सायंकाळी घ्यावे, डोंगराची प्रदक्षिणा मात्र सकाळसाठी राखावी. केशवसुतांचे मालगुंड आणि जयगडचा किल्ला ही दोन्ही ठिकाणे दुसऱ्या दिवसाकडे वर्ग करावीत, आणि गरम भात नि सोलकढी घेऊन मंडळींनी नवाच्या आत अंथरुणाला पाठ टेकावी, कारण उजाडताच प्रदक्षिणेला निघायचे असते.