ज्याची त्याची टकळी

गुगल डॉक्समध्ये चौघी एकाच वेळी लिहू शकतात. चौघी लिहितातच असं नाही.

माझी मावसबहीण सावंगी (मेघे)ला नर्सिंग शिकते. रक्तक्षयावर चौघींची मिळून एक असाइनमेंट होती. फाइल वाचून मी विचारलं, "यातलं तुझं कुठलं?"

"लिहिलं होतं ना दादा, दोन पॅराग्राफ. इंग्रजी कच्चं होतं, तर मैत्रिणींनी सुधरवून टाकलं."

लॅपटॉपवर व्हर्जन हिस्ट्री उघडली. दोन्ही पॅराग्राफ तिथे होते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शी काळी होते, म्हणून गावातल्या बाया घाबरून गोळ्या बंद करतात, असं तिनं लिहिलं होतं. शेवटच्या फाइलमध्ये इंग्रजी चकाचक होतं, पण या बाया गायब होत्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याचा कोड तपासताना त्या ओळीवर कमेंट टाकतो. बदल ज्यानं लिहिलं तोच करतो. डॉक्समध्येही त्यासाठी सजेशन मोड आहे. विकिपीडियाच्या लेखाला तर चर्चेचं वेगळं पानच असतं.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याचा विचार मांडला. त्यातून आलेल्या नई तालीमच्या शाळांत मुलं टकळीवर सूत कातत. सूत तुटलं म्हणून शेजाऱ्यानंच कातून दिलं, तर आपला हात बसणार कधी?

शिक्षकांनी मार्क देण्याआधी एकदा हिस्ट्री उघडावी. कामचुकार तर सापडतीलच, पुसलेले पॅराग्राफही सापडतील.