आमेन म्हटलं की मनी यायची

आमचं गाव नेवासा तालुक्यात. या भागात मिशनची देवळं जुनी. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती, पण शेती, बैलं, बाजरीची भाकर आणि पाण्याची वाट बघणं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच. फरक एवढाच की ऐतवारी सकाळी आमच्या घरचं औत सुटलेलं असायचं.

आईने ऐतवार कधी चुकवला नाही. खळं पडलेलं असो की पाऊस लागलेला असो. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, मुठीत अर्पणाची नाणी आणि काखेत फडक्यात बांधलेलं ‘उपासना संगीत’. आईला अक्षर येत नव्हतं. कधीकधी पुस्तक उलटं धरलेलं असायचं. पण टिळकांची भजनं सगळी तोंडपाठ. पेटी वाजली की आधी आईचा आवाज निघायचा.

आणि तिच्या मागं मांजर. ओढ्यापर्यंत मागं मागं यायचं, तिथं बाभळीखाली बसायचं. उपासना सुटून आई परत आली की शेपूट उभी करून तिच्या पुढं घरी.

मांजरं आमच्याकडं आली ती 1972 च्या दुष्काळानंतर. आईबापाने तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडली. मी शाळेतल्या सुकडीवर दिवस काढले. पुढं कणगी भरली तेव्हा आई म्हणाली, “आता एक दाणा उंदराला द्यायचा नाय.” तिच्या माहेराहून पाटीत झाकून एक भाटी आणली. तिची लेक मनी. अंगाने करडी, कपाळावर काळी रेघ.

जेवायच्या आधी आई प्रार्थना करायची. लांबलचक. पावसाची, गुरांची, मुंबईला गेलेल्या भावाची, सगळ्यांची नावं घ्यायची. आमचा जीव कालवणाच्या वासात. मनी उंबऱ्यावर डोळे मिटून बसलेली. आईने ‘आमेन’ म्हटलं की उठून थेट ताटापाशी. कारण आमेन झालं की पहिला कुस्करा तिचा, दुधातला. एका ऐतवारी मनी ओढा ओलांडून देवळातच आली. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं आणि ही बायकांच्या सतरंजीवरून चालत आईच्या मांडीशी. पाळकसाहेबही हसले. म्हणाले, “मावशी, तुमची मनी आमच्यापेक्षा नेमाची.”

आता जे सांगायचं ते 1985 सालचं. मी पंचविशीत. दहावी शिकलेला, म्हणून घरात शहाणा. त्या वर्षी बाजरी दाण्यात आली आणि बांधाला उंदरांची बिळंच बिळं. मी झिंक फॉस्फाईडची पुडी आणली. कसं वापरायचं ते मला नीट सांगितलं होतं. आधी दोन-तीन दिवस बिनविषाच्या गोळ्या ठेवायच्या, म्हणजे उंदीर सरावतो. मग भरड्यात थोडं गोडेतेल आणि शेकडा दोन भाग विष, काठीने कालवायचं. आणि सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरायचे.

शेवटचं सोडून सगळं केलं. सकाळी बांधावर पाच-सात उंदीर पडलेले दिसले. तेवढ्यात लाईट आली. मी मोटर चालू करायला विहिरीवर पळालो. म्हटलं, नेतील घारी-कावळे.

दुपारी मनी लडखडत आली. आईने ताक पाजलं, तेही परत आलं. दिवस मावळायला चुलीपाशी तिने पाय ताणले. कणगीखाली तिची दोन पिल्लं होती, डोळे नुकतेच उघडलेली. आईने माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “मांजरच ना ते? दुसरं आणू.”

आई काही बोलली नाही. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडात पिळत बसली. रात्रीसुद्धा उठायची. दोन्ही जगवली.

माझ्याशी बोलणं बंद नव्हतं. भाकर वाढायची, पाणी द्यायची. प्रार्थनेत माझं नावही यायचं. म्हणून मला वाटलं, मिटलं.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या ऐतवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवला पेला. पुढच्या महिन्यात मी पुरुषांच्या बाजूने बघितलं, थाळी आईपुढं आली आणि तिने हात जोडून तशीच पुढं जाऊ दिली. वाटलं, तब्येत बरी नसेल. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. बायका कुजबुजायला लागल्या.

घरी येताना ओढ्यावर मी विचारलं, “आई, प्रभुभोजन का घेत नाहीस?”

ती थांबली. म्हणाली, “भावाशी मन फाटलं असंल तर आदी समेट कर, मग अर्पण आण, असं येशूचं सांगणं हाय. माझं तर लेकाशीच फाटलंय. त्या मेजापाशी कोणत्या तोंडानं जाऊ?”

“एका मांजरासाठी?”

“मांजरासाठी नाय रं. मुका जीव आपल्या भरवशावर व्हता. तू ‘चुकलं’ म्हणला नाहीस.”

मी काहीतरी बोलायला गेलो, पण जमलं नाही. दोन महिने ही बाई माझा राग घेऊन देवळात बसत होती, आणि राग आहे म्हणून स्वतःलाच उपाशी ठेवत होती. शिक्षा मला व्हायला पाहिजे होती. ती तिने भोगली.

रात्री ती चुलीपुढं एकटी असताना मी जवळ बसलो. म्हणालो, “आई, उंदीर पुरायला सांगितले होते. मी कंटाळा केला. माझं चुकलं.” एवढं बोलायला घाम फुटला. तिने मान हलवली, तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, “हात धू. जेवायला बस.”

नाताळच्या महिन्यात पहिल्या ऐतवारी थाळी आली तेव्हा आईने तुकडा घेतला. मी लांबून बघत होतो. मला माझा तुकडा गिळायला वेळ लागला.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दोन पिल्लांचा वंश अजून आमच्या घरात आहे. करडा रंग, कपाळावर रेघ. बांधावर उंदीर अजून होतात. बिळं खणून काढतो, काठीने मारतो. विषाची पुडी त्यानंतर घरात आणली नाही. चार पायली बाजरी जास्त जाते, जाऊ दे.

जेवायच्या आधी प्रार्थना आता मी करतो. आईएवढी लांब जमत नाही. आमेन म्हटलं की उंबऱ्यावरची उठून येते. पहिला कुस्करा तिचा.