आधी लिहून तर घ्या

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात जाहीर झालं की महाराष्ट्रातल्या सगळ्या, म्हणजे १,१०० पोलीस ठाण्यांना 'महाक्राइमओएस एआय' नावाची प्रणाली मिळणार. मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उभी केलेली, तोवर नागपूरच्या २३ ठाण्यांत वापरात असलेली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ही बातमी आली, लोकांनी नेहमीचे दोन विनोद केले आणि विषय संपला. मी मात्र मनात हिशेब केला: १,१०० म्हणजे अड्याळसुद्धा.

अड्याळ भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालात की वाटेत लागतं. (गीताचार्य तुकारामदादांची अड्याळ टेकडी ती ही नव्हे, ती चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे. पुण्यात ज्या कुणी नाव ऐकलेलं असतं, त्यांना तीच माहीत असते.) सगळा धानाचा पट्टा. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे आणि आजूबाजूची बरीच खेडी त्याच्या हद्दीत येतात. मी तिथे वाढले, इंजिनिअरिंग नागपूरला केलं आणि आता पुण्यात नोकरी करते. आमची टीम ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारं सॉफ्टवेअर बनवते. तक्रार आली की तिकीट उघडतं, त्याला नंबर मिळतो, ते कुणाच्या तरी नावावर जातं, शेवटी बंद होतं. किती उघडली, किती बंद झाली, किती तास लागले, याचे रंगीत आलेख मॅनेजर दर सोमवारी बघतात.

त्यामुळे पोलिसांच्या हाती एआय म्हटलं की मला एकदम जॉर्ज ऑर्वेल वगैरे आठवत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही कंपनी काढली, नागपुरात, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन. महाक्राइमओएस त्याच घरातलं. तक्रार वाचायची, कलमं सुचवायची, तपासाचे टप्पे मांडून द्यायचे, बँका आणि मोबाइल कंपन्यांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे करायचे, अशी त्याची कामं. ऑनलाइन फसवणुकीत पैसा काही मिनिटांत चार खात्यांतून फिरतो. तिथे १९३० वर लगेच फोन लागणं आणि बँकेला लगेच पत्र जाणं यावरच सगळं असतं. अशी पाच पत्रं एका हवालदाराने बसून लिहायची म्हणजे त्याचा दिवस गेला. हे काम मशीनने करावं, जरूर करावं.

पण या सगळ्याच्या आधी तक्रार आत आलेली असावी लागते.

माझा एक वर्गमित्र पोलीस शिपाई आहे. आमच्याकडे पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी जी पोरं दिसतात, त्यांतलाच तो. १,६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मग लेखी, अशी तीन वर्षं. भरती झाला तेव्हा वाटलं होतं, आता आयुष्यभर पळणार. एमएस-सीआयटी केलेलं निघालं म्हणून ठाण्यात सीसीटीएनएसच्या कॉम्प्युटरवर बसवला. सीसीटीएनएस म्हणजे देशभरातली ठाणी जोडणारी गुन्ह्यांची नोंद-प्रणाली. तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तेव्हा पुढचं काही आमच्या गावच्या ठाण्याबद्दल नाही.

मी त्याला विचारलं, दिवसभर करतोस काय? तो म्हणाला, "हे पाय, मी टाइप केलो तर तो गुन्हा. नाही केलो तर ते नुसतं बोलनं."

मग त्याने मला बोलण्याच्या जाती सांगितल्या. कुणी येतं, ठाणे अंमलदारासमोर उभं राहतं, सांगतं. काहींचा गुन्हा दाखल होतो. काहींची एनसी होते, म्हणजे अदखलपात्र. काहींचा अर्ज घेतला जातो आणि 'चौकशीवर ठेवला' जातो. काहींच्या समोरच्या पार्टीला बोलावून समज दिली जाते. आणि काही जण चहा पिऊन, पाणी पिऊन, किंवा दोन शब्द ऐकून परत जातात. या शेवटच्यांचं काय होतं, असं मी विचारलं. काही होत नाही, म्हणाला, ते घरी जातात.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म अर्धा भरून निघून गेलेला ग्राहकसुद्धा मोजला जातो. कोणत्या रकान्याशी येऊन त्याने हात वर केले, तेही कळतं. कारण कंपनीला त्याचा पैसा हवा असतो. ठाण्याच्या उंबरठ्यावरून परत गेलेल्या माणसाची ओळ मात्र कुठल्याच टेबलात नसते.

त्यातून वरचे आकडे बनतात. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरो दरवर्षी 'क्राइम इन इंडिया' काढतं, आणि मग बातम्या येतात की अमुक राज्य गुन्ह्यांत पुढे. लोकसंख्येच्या प्रमाणात केरळमधले नोंदलेले गुन्हे बिहारपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून कोणी आपली मुलगी रात्री एकटी पाठवायला केरळ सोडून बिहार निवडत नाही. ब्युरो स्वतःच सावध करतो की नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं असं समजू नका, पण ते वाक्य बातमीत येत नाही. शिवाय त्यांचा एक नियम आहे: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर मोजताना फक्त सगळ्यात जड गुन्हा धरायचा. आमच्या भाषेत, यादीवर मॅक्स लावायचा आणि बाकीच्या ओळी टाकून द्यायच्या. मोजणी सोपी होते, हे खरं. पण खुनाबरोबर आणखी जे काही घडलं ते आकड्यांतून जातं.

दुसऱ्या बाजूने बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत घरोघरी जाऊन बायकांना विचारलं गेलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच कुणाकडे तरी मदत मागितली होती. कुणाकडे तरी म्हणजे आई, भाऊ, शेजारीण, सगळे धरून. ठाण्यापर्यंत पोचलेल्या त्याहून थोड्या.

अशा डेटावर मशीन शिकवलं की काय होतं, हे अमेरिकेत बघून झालंय. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या दोघांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहराच्या पोलिसांच्या अमली पदार्थांच्या नोंदी घेतल्या आणि 'प्रेडपोल' या गुन्ह्याचं भाकीत करणाऱ्या प्रणालीच्या गणितात घातल्या. पाहण्यांनुसार अमली पदार्थ वापरणारे लोक शहरभर पसरलेले होते. गणित मात्र पोलिसांना पुन्हा पुन्हा काळ्या आणि गरीब वस्त्यांकडेच पाठवत राहिलं, कारण आधीच्या नोंदी तिथल्याच होत्या. तिथे गेलं की तिथे सापडतं, सापडलं की नोंद वाढते, नोंद वाढली की परत तिथेच. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी २०२० मध्ये प्रेडपोल बंद केलं.

महाक्राइमओएस हे भाकीत करणारं यंत्र म्हणून आणलेलं नाही, ते तपासाला मदत करणारं आहे, हा फरक मला कळतो. पण ऑकलंड समजायला मला ऑकलंडला जावं लागत नाही. मोहफुलाच्या दारूची धाड कोणत्या टोलीवर पडते आणि रात्री रेतीचे टिप्पर कोणत्या रस्त्याने जातात, हे पूर्व विदर्भात शाळकरी पोरालाही विचारा. यातलं काय जास्त वेळा टाइप होत असेल, तेही तोच सांगेल.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या वस्तीत कुणाला ठाण्यात, तहसीलमध्ये, बँकेत जायचं असलं की आधी बाबांकडे यायचे, अर्ज लिहून घ्यायला. बाबांचे नियम होते. ठाण्यात एकट्याने जायचं नाही, चार जण जायचं. तोंडी सांगायचं नाही, लिहून न्यायचं. तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत. कार्बन लावून दोन प्रती, आणि दुसरीवर सही-शिक्का, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय उठायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, मास्तर आहेत, म्हणून सगळ्याचाच गृहपाठ करतात.

२००६ मध्ये मी तिसरीत होते. त्या वर्षी २२ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचा निकाल दिला. सात निर्देश: मनमानी बदल्या थांबवा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, वगैरे. पोलीस सुधारणांवरचा कुठलाही लेख याच निकालापासून सुरू होतो. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, आमच्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना गावच्या जमावाने मारलं. भैयालाल भोतमांगे वाचले. त्याच महिन्यात झालेल्या एका मारहाणीत सुरेखा आणि प्रियंका साक्षीदार होत्या. त्यांनी पोलिसांसमोर नावं सांगितली होती. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे घडलं. मृतदेह कालव्यात सापडले. दिरंगाईबद्दल पुढे पोलीस निलंबित झाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा आरोप टिकला नाही. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची जन्मठेप दिली. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले.

आमच्या घरात तेव्हा या विषयावर मुलांसमोर कुणी बोलत नसे. बाबांचे नियम त्याच्या आधीपासूनचे होते. नंतर फक्त चार जणांचे सहा जण झाले. भोतमांगेंच्या घरातल्या बायकांनी कायद्याला हवं होतं तेच केलं होतं: पाहिलं ते पोलिसांना सांगितलं. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आमच्या वस्तीत ती ठाण्याबद्दल, न हसता वापरली जायची.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ ला, गृहमंत्री आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले तंटे गावातच मिटवा, बक्षीस मिळवा. हेतू चांगला होता आणि बांधाच्या, भावकीच्या कितीतरी भांडणांत कोर्टाचा खर्च वाचला, हे मी पाहिलंय. पण माझ्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकवतात: ज्या आकड्यावर बोनस असतो, तो आकडा सुधारतो. तिकिटं कमी उघडली तर बोनस, असं सांगा; आठवड्यात तक्रारी गायब होतील. गावाला बक्षीस हवं असताना नवऱ्याने मारलेल्या बाईने ठाण्यात जाणं म्हणजे सगळ्या गावाचे मार्क कापणं. समितीत बसलेले कोण, हेही बघायचं.

मग उपाय काय, तर या प्रश्नावर आपल्याच देशात उत्तम काम झालंय आणि ते एआयइतकं चमकदार नसल्यामुळे कुणी फॉरवर्ड करत नाही. अभिजित बॅनर्जी (आईकडून मराठी, पाटणकरांचे), एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानात ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांत प्रयोग केले. त्यातला एक भाग मला फार आवडतो. त्यांनी ठाण्यांत खोटे तक्रारदार पाठवले, गुन्हा लिहून घेतात का ते बघायला. आमच्याकडे याला टेस्टिंग म्हणतात: खोटा इनपुट द्यायचा आणि सिस्टीम तो घेते का बघायचं. हे होतं मोजमापासाठी, पण तक्रारदार खोटाही असू शकतो हे कळल्यावर खऱ्यांच्या तक्रारीही जास्त लिहून घेतल्या जाऊ लागल्या. प्रशिक्षणाचा उपयोग झाला, बदल्या थांबवल्याचा झाला. गावकऱ्यांना ठाण्यात निरीक्षक म्हणून बसवण्याचा विशेष झाला नाही, जो कुणालाही आधी सुचला असता.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांचा असाच प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. जिथे कक्ष होता तिथे बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि जिथे तो महिला पोलिसाच्या हाती होता तिथे एफआयआर जास्त झाले. एक टेबल, एक खुर्ची, ठरलेली पद्धत आणि समोर एक बाई.

कायदा तर कधीच स्पष्ट झालाय. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर करता येतो, ऑनलाइनही माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मोकळीक ठेवली आहे. माझा मित्र ज्याला 'चौकशीवर ठेवणं' म्हणतो, त्याला आता कायद्यातच खुर्ची मिळाली, असं मला वाटतं.

मला हे १,१०० ठाण्यांचं सॉफ्टवेअर लिहायला दिलं, तर मी तपासाच्या मदतनिसाआधी एकच लहान गोष्ट बसवेन. ठाण्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला, कुणाशीही बोलण्याआधी, एक नंबर. बँकेत मिळतो तसा. नंबर निघाला की ओळ तयार झाली. मग गुन्हा दाखल करा, एनसी करा, समज द्या, चहा द्या. ओळीपुढे काहीतरी लिहावंच लागेल, आणि काही लिहिलं नाही तर ते रिकामं दिसेल. एआयला शिकवायचं तर त्या रिकाम्या जागांवर शिकवा: कोणत्या ठाण्यात, कोणत्या वारी, कोणत्या गावचे लोक नंबर घेऊनही कागदावर येत नाहीत.

मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, यंत्र बंद आहे असा कागद दुसऱ्या दिवशी लागेल. त्याचंही बरोबर आहे. तो बारा तास बसतो, बंदोबस्त वेगळा.

बाबांना फोनवर समजावून सांगायला जास्त वेळ लागला. एआय कलमं सुचवतं, हे त्यांना आवडलं, कारण कलमांच्या बाबतीत त्यांचा नेहमी वाद व्हायचा. नंबराची कल्पना त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग विचारलं, "त्या नंबराचा कागद आपल्याजवळ राहते का मशीनमंधी?" आपल्याजवळ, मी म्हटलं. "त्याच्यावर शिक्का?" तारीख आणि वेळ छापलेली असेल, शिक्का नसेल. त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दिवाळीला येशील तेव्हा पुण्याहून कार्बन पेपर घेऊन ये, इकडे आता कुठल्याच दुकानात ठेवत नाहीत.