बोटं आखडण्याआधी

तलाठ्याचं काम म्हणजे लिहिणं. लोकांना तलाठी आठवतो तो बांधावर उभा राहून मोजणी बघणारा, नाहीतर चावडीत उताऱ्यावर सही करणारा. पण त्या सहीमागं दिवसभराचं लिखाण असे. सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्या नोकरीचा बराच काळ हातानं लिहिण्याचाच होता. नमुना सात म्हणजे जमिनीची मालकी आणि हक्क, बारा म्हणजे पिकं, आठ-अ म्हणजे खातं, सहा म्हणजे फेरफार, असे एकवीसपर्यंत गाव नमुने. सातबाऱ्यावरचे पिकांचे रकाने दहा वर्षांत भरत, आणि मग सगळ्या गावाचं पुनर्लेखन निघे. गावात शेकडो गट, प्रत्येक गटाच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, वारसांची नावं, विहिरीतले हिस्से. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पुढं दोन भाऊ कोर्टात उभे राहणार. त्यामुळं हात चालत असताना मनही ताणलेलंच असायचं.

पुनर्लेखनाच्या दिवसांत दुपार कलली की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गोळा यायचा. मधलं बोट पेनाच्या कडेनं दबून घट्टा पडलेला. हात झटकायचा, बाम चोळायचा आणि पुढची ओळ धरायची. दप्तरात जुनी माणसं होती, त्यांचंही तेच चाललेलं. लिहिणाऱ्याचा हात दुखणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ते तसं नाही, हे कळायला मला 2014 ची गारपीट यावी लागली.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत राज्यात ठिकठिकाणी गारा पडल्या. आमच्याकडं काढणीला आलेली ज्वारी झोपली, हरभरा झडला, द्राक्षांचे घड मांडवाखाली सडायला लागले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामे करायचे होते, तेही तातडीनं. मदत पन्नास टक्क्यांच्या वर नुकसान असेल त्यालाच, म्हणून प्रत्येक शेतात पाय ठेवून लिहिणं भाग होतं. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी, पंचांच्या सह्या. समोर डोळ्यांत पाणी आणून शेतकरी उभा, त्याला थांबा म्हणवत नाही. डाव्या हातावर पॅड धरून, कधी मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहायचं. रात्री चावडीत बसून त्याच्या याद्या करायच्या, खाली कार्बन घालून, म्हणजे पेन दाबूनच चालवायचं.

अशाच एका रात्री बोटं मिटली ती उघडेनात. अंगठा तळव्याकडं ओढला गेला, पेन त्यातच अडकलेलं. कोपरापर्यंत कळ गेली. डाव्या हातानं एकेक बोट उलगडावं लागलं. दुसऱ्या दिवशी सही करतानाही तसंच झालं, तेव्हा मात्र मी तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासून फिजिओथेरपीला पाठवलं.

फिजिओथेरपिस्ट बाई तरुण होत्या. त्यांनी आधी माझ्या हातात पेन दिलं आणि लिहा म्हणाल्या. मी लिहीत असताना त्या माझ्या हाताकडं बघत होत्या, अक्षराकडं नाही. मग त्यांनी मला डावा हात उजव्या कोपराच्या जरा खाली ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, "आता पेन आवळा." आवळलं की तिथला मांसल भाग दगडासारखा व्हायचा. बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. तळव्यात असतात ते अंगठ्याच्या मुळाचे आणि बोटांमधले लहान स्नायू. ते लवकर थकतात. सतत आकसलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, तो सैल व्हायचं विसरतो आणि पेटका येतो. मी इतकी वर्षं बाम तळव्याला चोळत होतो. दुखण्याचं मूळ वीतभर वर होतं.

बाईंनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूनं बोट फिरवायला सांगितलं. प्रत्येक अक्षर उठून आलं होतं. एवढा दाब कागदाला नको असतो, त्या म्हणाल्या. ही पारख मी आजही सगळ्यांना सांगतो, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती खोटं बोलत नाही.

दाबाचं अर्धं कारण पेनात असतं. बॉलपेनची शाई घट्ट, तिच्यातली गोळी फिरायला जोर लावावा लागतो. जेलची शाई पातळ असते. शाईच्या पेनला तर निब नुसतं कागदाला टेकलं की पुरे, शाई आपोआप उतरते. रेकॉर्डच्या पानांसाठी मी जेल पेन घेतलं, जरा जाड अंगाचं. जाड पेन मिळालं नाही तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पेनावर चढवला. बारीक, गुळगुळीत पेन निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळली जातात, रबरावर ती आपण होऊन सैल राहतात. बॉलपेन ठेवलं ते फक्त कार्बनसाठी. आणि कार्बनचं काम एका बैठकीला सलग करायचं नाही, अध्येमध्ये साधं लिखाण घालायचं, असं ठरवून टाकलं.

बाकी अर्धं कारण बसण्यात होतं. चावडीत आम्ही मांडी घालून, पुढं बुटका डेस्क ठेवून लिहायचो, नाहीतर मोठ्ठं रजिस्टर टेबलाच्या कडेला आणि कोपर अधांतरी. कोपराला आधार नसला की मनगट वाकतं आणि सगळी हालचाल तीन बोटांवर येते. मी खुर्ची पुढं ओढून कोपराखालचा हात पूर्ण टेबलावर ठेवायला लागलो. ओळ पुढं सरकेल तसा हात खांद्यापासून सरकवायचा, मनगट एका जागी रोवून बोटांनी लांब पोचायचं नाही. पानाच्या तळाशी आलं की हात खाली नेण्याऐवजी रजिस्टरच वर ढकलायचं. पहिले काही दिवस अक्षर बिघडलं. मंडल अधिकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण मी मागं फिरलो नाही, आणि अक्षर परत जाग्यावर आलं.

त्याच सुमारास दप्तरातल्या जुन्या मोडी नोंदींकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. मोडीत आधी ओळभर सरळ रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं, हात फारसा न उचलता, एकातून दुसरं काढत न्यायची. देवनागरीत आपण अक्षरागणिक पेन उचलतो आणि वर प्रत्येक शब्दाला शिरोरेघ देतो. त्या कारकुनांचे हात दुखत नसतील असं मी म्हणणार नाही. पण ती वळणं पाहिल्यावर मी शिरोरेघ बोटांनी तुकड्यातुकड्यानं देणं सोडलं. शब्द पुरा झाला की हात सरकवून एका ओढीत द्यायला लागलो. त्या ओढीत बोटांना क्षणभर उसंत मिळते.

पेटका आलाच तर काय करायचं, तेही बाईंनी शिकवलं. हात झटकायचा नाही, बोटं मोडायची नाहीत. पेन खाली ठेवून कोपर सरळ करायचं, तळवा समोर धरायचा, बोटं वर, आणि दुसऱ्या हातानं बोटं हलकेच आपल्याकडं ओढून पंधरा-वीस सेकंद तसंच राहायचं. मग तळवा उलटा करून मनगट खाली वाकवायचं. कोपराखालचा भाग अंगठ्यानं दाबत मनगटाकडं चोळत आणायचा. थंडीत लिहायला बसण्याआधी हात कोमट पाण्यात घालायचे. पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. पेटका येईपर्यंत थांबायचंच नाही. हात दुखत नसताना पेन खाली ठेवायची सवय सगळ्यांत अवघड, कारण तेव्हा कामाची लय लागलेली असते. मी प्रत्येक गटाची नोंद पुरी झाली की पेन ठेवून मूठ उघडायला लागलो. पाच सेकंदही लागत नाहीत.

इथं एक गोष्ट काळजीनं सांगायची आहे. लिहिताना हात दुखणं म्हणजे दर वेळी थकवाच असतो असं नाही. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, रात्री त्यांनी जाग येत असेल, तर मनगटातल्या नसेवर दाब असू शकतो. मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून सुरुवातीला बराच आराम पडतो, पण दुर्लक्ष केलं तर अंगठ्याची ताकद जाते. आणि आमच्या एका सहकाऱ्याचं तर निराळंच होतं. त्याचा हात फारसा दुखत नसे. जेवण, बटण लावणं, गाडी चालवणं, सगळं ठीक. पेन धरलं की मात्र तर्जनी वर उठायची आणि मनगट वळायचं. लोक म्हणाले, काम टाळतोय. ते ऐकून त्यानं फार सोसलं. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं: हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांचा बिघाड, डिस्टोनिया. व्यायामानं आणि चोळण्यानं तो जात नाही. त्याला स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शनं दिली, आणि पेन तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायला शिकवलं. निवृत्त होईपर्यंत त्यानं तसं लिहिलं.

हे दुखणं जुनं आहे. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरच्या आपल्या ग्रंथाला 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांवरही मजकूर जोडला. त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण वाचून मला गहिवरून आलं. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या जागी बसून विचार केला होता.

2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, हाताचे उतारे थांबले, आता तर तलाठ्याचं पदनामही ग्राम महसूल अधिकारी झालं. मला वाटलं, हे सगळं ज्ञान आता कुणाच्या कामाचं नाही. पण माझी भाची पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, 1750 गुण. त्याआधी ही मुलं बहुतेक गोल काळे करत होती. तिचा फोन आला, "मामा, दीड तासातच हात गळतो, अक्षर वाचवत नाही."

मी तिला पान उलटं करून बोट फिरवायला सांगितलं. मग पेन बदलायला लावलं आणि सराव वीस मिनिटांपासून सुरू करून आठवड्या-आठवड्यानं वाढवायला सांगितला; पहिल्याच दिवशी तीन तासांचा पेपर लिहिणं म्हणजे हात दुखावून घेणं. प्रश्न वाचताना आणि मुद्दे ठरवताना पेन हातात ठेवायचंच नाही. परीक्षेला न्यायचं पेन महिनाभर आधीपासून वापरायचं. क्लासची रोज एक पेपर अशी चाचणी-मालिका चालू आहे. सकाळी उठल्यावर बोटं ताठ वाटली तर त्या दिवशीचा पेपर लिहू नकोस, उत्तरांचे फक्त मुद्दे काढ, असं मी तिला बजावलं आहे. क्लासवाल्यांना ते पटत नाही. तिला पटलं आहे, आणि परवाचा पेपर तिनं शेवटच्या प्रश्नापर्यंत एकाच वळणाच्या अक्षरात लिहिला.