कोंडा नव्हता तो

महाशिवरात्रीच्या जत्रेला आमच्या मार्कंड्यात घरोघरी पाहुणे उतरतात. दिवसभर पोरं वैनगंगेत डुंबतात, रात्री एकाच चटईवर डोक्याला डोकं लावून झोपतात. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत. अशाच या डोक्यावरून त्या डोक्यावर चालत जातात. नदीत बुडी मारली तरी त्या मरत नाहीत.

जत्रेनंतर लेकीच्या केसांत पांढरे कण दिसले आणि मी कोंडा ठरवून दही-लिंबू चोळत राहिले. सात वर्षांच्या पोरीला कोंडा सहसा होत नाही, तो वयात येताना सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवरची पिवळी खपली वेगळी, ती तेलानं मऊ होऊन निघते. पोरगी मानेमागे खाजवून रडकुंडीला यायची, मी उन्हाळ्यावर ढकलायची.

उन्हात बसवून कानामागचे केस पांगवले असते, तर तेव्हाच कळलं असतं. कोंडा फुंकरीनं उडतो. लीख केसाला एका बाजूनं चिकटलेली, तिळाहून बारीक. नखांच्या चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढावी तेव्हा सुटते. टाळूलगतची बहुधा जिवंत, बोटभर लांबची बहुतेक रिकामं टरफल. केस तुटून चकत्या पडल्या असतील तर तो नायटा. त्याला डॉक्टरांकडून पोटात घ्यायचं औषध लागतं.

उवा आहेत हे कळल्यावर मी सीताफळाच्या बिया वाटून लावल्या. उवा मरतात त्यानं, म्हणून तर सगळ्या लावतात. धुताना पाणी डोळ्यांत उतरलं. पोरगी किंचाळली, मी तांब्याभर पाणी मारून तिला झोपवलं. सकाळी डोळे उघडेनात, उजेड सोसेना. बुबुळावरचा पातळ पडदा सोलवटला होता. तेव्हाच भरपूर पाण्यानं डोळे धूत राहून दवाखाना गाठायला हवा होता. थेंबांनी डोळे बरे झाले, नजर वाचली.

उवांसाठी पुढे १ टक्का पर्मेथ्रिनचं लोशन आणलं. ओलसर केसांना लावून 10 मिनिटांनी धुवायचं, डोळ्यांवर कापड धरायचं. लिखा त्यातून वाचतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून 7 ते 10 दिवसांनी पुन्हा लावायचं. मधल्या काळात ओल्या केसांतून बारीक फणी फिरवायची, घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची.

बायांनो, सीताफळाच्या बिया आणि रॉकेल लेकरांच्या डोक्याला लावू नका.